भुकेची आठवण आणि मुलांचं वाढतं वजन

आजचा विषय प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या लठ्ठपणाचा आहे आणि आपण तो इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. उपचार डॉक्टर सांगतील. आपला प्रश्न असा, की मुलाचं वजन वाढतंय हे घरच्यांना इतक्या उशिरा का दिसतं?

आपला गंगापूर रोडच घ्या. शहराच्या बाजूला शाळा, क्लासेस, खाऊची दुकानं. पुढे द्राक्षमळे आणि धरण. हाच रस्ता गिरणारे ओलांडून हरसूलच्या आदिवासी पट्ट्यात जातो. तिथल्या अंगणवाडीत काटा काढतात तो मूल कमी भरतंय का हे पाहायला. इथे मात्र काळजी उलटी आहे.

आपली नजर घडली ती टंचाईत. १९७२चा दुष्काळ, मिलो ज्वारी, सुकडी हे आपल्या आजी-आजोबांनी पाहिलं. त्यामुळे गुटगुटीत मूल म्हणजे खात्यापित्या घरचं, ही समजूत पक्की झाली. सुदृढ बालक स्पर्धा त्याच काळजीतून आल्या. १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झालेली शालेय पोषण आहाराची योजना, २००१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मिळू लागलेलं शिजवलेलं अन्न, ही सगळी लढाई भुकेशी होती. ती योग्यच होती आणि अजून संपलेली नाही.

पण याच इतिहासाला दुसरी बाजू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. मात्र आपल्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून राहिलेली. म्हणजे बारीक दिसणारं बाळही चरबीच्या बाबतीत बारीक नसतं! अशा मुलाला पुढे खाणं भरपूर आणि खेळ कमी मिळाला, तर मधुमेहाचा धोका वाढतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६मध्ये २.१ टक्के होतं, २०१९-२१मध्ये ३.४ टक्के झालं. अशीच मुलं पुढे प्राथमिक शाळेत येतात.

सरकारने दखल घेतली. २०१७मध्ये राज्याने शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडवर बंदी घातली. २०२०च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला मनाई केली. पण शाळा सुटली की व्हॅन, व्हॅनमधून क्लास, मधल्या वेळेत पाकीट. हा दिवसाचा क्रम आपण पालकांनीच ठरवलाय, तो ५० मीटरांत मावत नाही.

तेव्हा मुलाला ‘जाड्या’ म्हणून हिणवणं आधी थांबवू या. शाळेने दरवर्षी उंची-वजन नोंदवून पालकांना दाखवावं. आणि आपण रोज संध्याकाळचा एक तास क्लासकडून काढून मैदानाला द्यावा. आता तुमचे प्रश्न घेऊ.