वारान्त आडनावे

‘-वार’ हा अंत्य घटक असलेली, मूळ तेलुगू वळणाची महाराष्ट्रातील आडनावे. गादेवार, पत्तेवार, मामीडवार, चिंतावार, येरावार, कोंडावार, तन्नीरवार, बोंगिरवार, लाभसेटवार, वडेट्टीवार, मुनगंटीवार ही त्यांतली परिचित उदाहरणे. नांदेड जिल्ह्याचा तेलंगणाला लागून असलेला भाग, यवतमाळ जिल्ह्याचा दक्षिण भाग, चंद्रपूर आणि गडचिरोली हा त्यांचा मूळ पट्टा. पुणे, सातारा, नाशिक किंवा कोकण या भागांत ही आडनावे भेटतात ती नोकरीधंद्यासाठी तिकडे गेलेल्या कुटुंबांची. मराठवाड्यात त्यांची दाट वस्ती नांदेड शहरात आणि धर्माबाद, कुंडलवाडी, बिलोली, देगलूर, भोकर, उमरी, किनवट या गावांत आहे.

तेलुगूत ‘वारु’ म्हणजे ‘ते’, माणसांसाठी आणि आदराने. नामाला जोडून आला की तो मानाचा प्रत्यय होतो. शिक्षकाला ‘अय्यवारु’ म्हणतात ते असेच. याच शब्दाचे षष्ठीचे रूप ‘वारि’. घराण्याच्या नावापुढे ते लावून ‘अमुकवारि इल्लु’ म्हटले की अमुकांचे घर असा अर्थ होतो, आणि तेलुगू लग्नपत्रिकांवर यजमान घराण्याचे नाव आजही याच ‘वारि’सह छापतात. मराठीत येताना शेवटचा स्वर गळाला आणि ‘वार’ उरले. हे रूप मुळात अनेकवचनी आहे: एका माणसाचे नाव ते सांगत नाही, घराण्यातील समस्त मंडळींचे सांगते. जगात इतरत्रही असे घडलेले दिसते. इटलीतील अतिशय प्रचलित आडनाव ‘रोस्सी’ हे ‘रोस्सो’ म्हणजे तांबडा या शब्दाचे अनेकवचन. ‘येरावार’ हे तेलुगूतील ‘येर्रा’, म्हणजे तांबडा, या शब्दावरून आले असे धरले, तर रोस्सी आणि येरावार यांची घडण एकच ठरते.

तेलुगू भाषकांत घराण्याच्या नावाला ‘इंटिपेरु’ म्हणतात, आणि ते व्यक्तीच्या नावाच्या आधी येते. तेलंगणातील राजकारणी तन्नीरु हरीश राव, कोंडा सुरेखा किंवा बंडी संजय कुमार यांच्या नावांतील पहिला शब्द इंटिपेरु आहे. मराठीत क्रम उलटा: आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. सीमेवरच्या तेलुगू घराण्यांनी मराठी शाळेत आणि मराठी बाजारात नाव सांगायला सुरुवात केली तेव्हा पुढचे इंटिपेरु मागे गेले, आणि मागे जाताना त्याने ‘वार’ बरोबर नेले. पलीकडे तन्नीरु, अलीकडे तन्नीरवार. पलीकडे कोंडा, अलीकडे कोंडावार. शब्द तेलुगू, त्याची नावातील जागा मराठी, अशी ही तडजोड आहे. म्हणूनच केवळ तेलुगू मूळ असले की आडनाव वारान्त होते असे नाही. सोलापूरला कापडाच्या धंद्यासाठी येऊन राहिलेला पद्मशाली समाज तेलुगूच. पण त्याची कुचन, सादुल, वल्याळ, बोल्ली ही घराणी आपली नावे कोणतीही जोड न लावता वापरतात. ‘वार’ ही तेलुगूपणाची खूण मानण्यापेक्षा गोदावरी, पैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता या नद्यांच्या काठच्या दुभाषी पट्ट्याची खूण मानणे अधिक बरोबर.

पूर्वपदे अनेक तऱ्हांची आहेत. काही झाडाझुडपांची व निसर्गाची: मामिडी (आंबा), चिंता (चिंच), कोंडा (डोंगर). काही वस्तूंची: ‘गादे’ म्हणजे धान्याची कणगी. काही पूर्वजाच्या नावाची: लाभसेटवार, मालशेटवार यांत मधला ‘सेट’ किंवा ‘शेट’ म्हणजे शेट्टी, व्यापारी. काही गावांची: बोंगिरवार हे नाव तेलंगणातील भोनगीरशी जुळते. मात्र इथे एक सावधगिरी हवी. लग्नाच्या पंगतीत हौसेने सांगितल्या जाणाऱ्या व्युत्पत्ती बहुधा शब्दकोशातला अर्थ थेट घराण्याला चिकटवतात, म्हणजे मामीडवारांची आमराई होती आणि गादेवारांकडे धान्याच्या कणग्या होत्या. इंटिपेरु पुष्कळदा गावाच्या नावाचा तुकडा असते. मामिडीपल्ली, चिंतलपल्ली, कोंडापूर अशा नावांची गावे तेलुगू प्रदेशात जागोजाग आहेत. तेव्हा आंबा घराण्याचा की गावाचा, हे नुसत्या आडनावावरून ठरत नाही.

मराठी उच्चारात या नावांवर थोडे संस्कार झाले. ‘येर्रा’मधील जोड र सुटून ‘येरा’ झाला, ‘मामिडी’चा शेवटचा स्वर गेला आणि मधला लांबला, तन्नीरु-कोत्ता अशा नावांतले द्वित्त मात्र बोलण्यात टिकून राहिले. वडेट्टीवारमधील ‘ट्टी’ तर मराठी वृत्तनिवेदकांनाही आता सवयीचा झाला आहे. रोमन लिपीत शेवटच्या तीन अक्षरांचा इंग्रजीतला अर्थ युद्ध असा होतो, त्यावरून शाळा-कॉलेजात होणारे विनोद प्रत्येक वारान्त विद्यार्थ्याने ऐकलेले असतात.

ही नावे या पट्ट्यात कशी रुजली, हे पाहायला धर्माबादचे उदाहरण बोलके आहे. निजामाच्या राजवटीत विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद–मनमाड लोहमार्ग झाला, आणि धर्माबाद त्यावरचे स्थानक म्हणून वाढले. आज हे या मार्गावरचे महाराष्ट्रातील शेवटचे गाव. पुढचे स्थानक बासर, ज्ञानसरस्वतीचे, तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यातले. लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी धर्माबाद प्रसिद्ध आहे. इथल्या मोंढ्यात आणि बाजारपेठेत अडतीच्या, किराण्याच्या, कापडाच्या दुकानांवरील पाट्या वाचत गेले तर वारान्त नावांची जणू हजेरीच होते, कारण या भागातील व्यापारात कोमटी, म्हणजे आर्यवैश्य, समाजाचा वाटा जुना आहे. वासवी कन्यका परमेश्वरी ही या समाजाची कुलदैवता; तिचे मूळ स्थान आंध्रातील पेनुगोंडा. गोत्रे तेलुगू परंपरेतली, दुकानाचा हिशेब मराठीत, गिऱ्हाईक दोन्ही भाषांचे आणि सोयरीक निजामाबाद, बोधन, भैंसा इथवर. पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालत आले आहे.

इथली राज्यसीमा मात्र अलीकडची. 1948 पर्यंत नांदेड, निजामाबाद, आदिलाबाद हे तिन्ही जिल्हे एकाच हैदराबाद संस्थानात होते, आणि 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली तेव्हा नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे आणि देगलूर तालुक्यातील बिच्कुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके व इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. राजुरा पुढे चंद्रपूर जिल्ह्याला जोडले गेले. धर्माबाद अलीकडे राहिले, मुधोळ पलीकडे. भाषेनुसार आखलेल्या या रेषेमुळे एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन राज्यांत पडल्या. अलीकडच्या शाखेच्या नावामागे ‘वार’ पक्के झाले. पलीकडे ते गळून नुसते इंटिपेरु राहिले, किंवा मराठी बोलणाऱ्या घरांत तसेच टिकले.

नांदेड जिल्ह्यात आडनावांची आणखी एक वाटणी दिसते. खतगावकर, गोरठेकर, बेटमोगरेकर, चिखलीकर ही पाटील-देशमुखांच्या राजकारणातून सर्वांना माहीत झालेली नावे ‘-कर’ लावतात आणि गाव सांगतात. लातूर जिल्ह्यात तर ‘-कर’चेच राज्य: चाकूरकर, निलंगेकर. उदगीर-लातूरच्या बाजारपेठेत वारान्त व्यापारी कुटुंबे आहेत, पण ती तुरळक. जमीन ज्याच्याकडे त्याचे आडनाव गावाचे, व्यवसायामुळे गावे बदलणाऱ्याचे आडनाव घराण्याचे, असे स्थूलमानाने म्हणता येते. हा नियम नव्हे. तेलुगू गावनामे घेऊन ‘वार’ न लावणारी कुटुंबेही इथेच आहेत. मुखेडला 1948 साली जन्मलेले समीक्षक-कथाकार नागनाथ कोत्तापल्ले यांच्या आडनावात ‘कोत्त पल्ले’, म्हणजे नवे खेडे, सरळ दिसते.

गावनाम आणि घराण्याचे नाव यांचा फरक पाहायचा तर कंदकुर्तीचे उदाहरण घ्यावे. लातूर जिल्ह्यातून वाहत आलेली मांजरा बीदर आणि तेलंगणातून वळसा घेते, बिलोलीच्या बाजूने नांदेडची हद्द दाखवत उत्तरेला येते आणि निजामाबाद जिल्ह्यातील कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. हरिद्रा नावाची लहान नदीही तिथेच मिळते, म्हणून तो त्रिवेणी संगम. धर्माबाद तालुका तिथून जवळच. या गावावरून कंदकुर्ते हे मराठी वळणाचे आडनाव झाले. याच गावातील देशस्थ ब्राह्मणांचे एक घराणे नागपूरला गेले, तेव्हा त्याने गावाचे नाव न घेता आपले घराण्याचे नाव नेले: हेडगेवार. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक केशव बळीराम हेडगेवार (1889–1940) यांचे हे मूळ घराणे. आडनाव सर्वतोमुखी, पण ते लावणारी कुटुंबे अगदी थोडी. वारान्त नावांत असे विरळ नाव इतके प्रसिद्ध झाल्याचे दुसरे उदाहरण नाही.

हेडगेवारांच्या उदाहरणावरून आणखी एक गैरसमज दूर व्हावा. ‘वार’ आले की माणूस कोमटी, असे मराठवाड्यात सर्रास गृहीत धरतात. वस्तुतः ब्राह्मण, आर्यवैश्य, मुन्नूर कापू, गोल्ला, येलम, बेलदार अशा अनेक समाजांत ही नावे आहेत. माजी मुख्यमंत्री कन्नमवार बेलदार समाजाचे होते. शिवाय ‘वार’ जातिनामांतही आहे: कापेवार, गोल्लेवार. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोलामांबरोबर नोंदलेल्या ‘मन्नेरवारलू’ या नावाचा शेवट ‘वारलु’ असा आहे, म्हणजे अनेकवचनी ‘वार’वर आणखी एक अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हा आडनावावरून जात ओळखणे इथे निरुपयोगी, आणि जातपडताळणीच्या कामात तर धोक्याचे.

दिसायला सारखी पण वेगळ्या कुळीची नावेही बाजूला काढली पाहिजेत. बुंदेलखंडातील अहिरवार, उत्तरेकडील गहरवार आणि पंजाबी तलवार यांचा तेलुगू ‘वारु’शी संबंध नाही. मराठी पवार-पोवार हे परमार या नावाशी जोडले जाते. बेळगाव-धारवाडकडची हनुमन्नवर यांसारखी ‘-वर’ने संपणारी कानडी आडनावे मात्र शेजारची म्हणावी लागतील. कानडीतील ‘अवरु’ हाही ‘ते’ या अर्थाचा आदरार्थी शब्द, आणि घराण्याचे नाव घडवण्याची रीत तीच. फरक ऱ्हस्व-दीर्घाचा.

विदर्भातील वारान्त नावे मराठवाड्यातील नावांहून अधिक गाजली, ती राजकारणामुळे. बल्लारपूरचे सुधीर मुनगंटीवार, ब्रह्मपुरीचे विजय वडेट्टीवार, चंद्रपूरचे किशोर जोरगेवार, यवतमाळचे मदन येरावार हे सर्व विधानसभेवर निवडून आले. चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, इतिहास नांदेडपेक्षा वेगळा: तिथे गोंडांचे, मग नागपूरकर भोसल्यांचे आणि 1854 पासून इंग्रजांचे राज्य होते, निजामाचे नव्हते. तरीही आडनावांची घडण हुबेहूब तीच, कारण राज्य कोणाचेही असो, नदीपलीकडे तेलुगूच होती. प्रशासनाच्या इतिहासात ल. ना. बोंगिरवार यांचे नाव पंचायत राज्याच्या पुनर्विलोकनासाठी 1970 साली नेमलेल्या समितीमुळे राहिले; स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील वारान्त नावांपैकी पहिले पाठ होते ते बहुधा हेच.

या सर्वांच्या आधीचे नाव मारोतराव सांबशिव कन्नमवार यांचे. चांद्यात 1900 साली जन्मलेले कन्नमवार यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेल्यावर नोव्हेंबर 1962 मध्ये मुख्यमंत्री झाले आणि 24 नोव्हेंबर 1963 रोजी पदावर असतानाच वारले. मुंबईत विक्रोळी पूर्वेची कन्नमवारनगर ही वसाहत त्यांच्या नावाची. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचलेले ते आजवरचे एकमेव वारान्त आडनाव होय.