मुक्तिफौजेचे दागिने

विल्यम बूथने 1865 मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये सुरू केलेल्या मिशनला 1878 मध्ये ‘सॅल्व्हेशन आर्मी’, म्हणजे आपली मुक्तिफौज, हे नाव मिळाले. पाठोपाठ गणवेश आला आणि दागिने गेले. हा सौंदर्यद्वेष होता, असे सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. बूथ मूळचा मेथॉडिस्ट. त्या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या 1743 च्या नियमांतच सोने आणि उंची वस्त्रे वर्ज्य होती. बूथने त्या जुन्या विरक्तीला शिस्तीचे रूप दिले. झोपडपट्टीत अंगठी मिरवत सांगितलेली भाकरीची गोष्ट कोण ऐकणार? नियमाचा भार बायकांवरच अधिक पडला, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण याच फौजेत स्त्रिया अधिकारी होत्या, प्रवचने देत होत्या, हेही त्याच पारड्यात घालावे लागते.

सनदी नोकरी सोडलेला फ्रेडरिक टकर 1882 मध्ये मुक्तिफौजेच्या कामासाठी मुंबईत उतरला. लवकरच या फौजेने भगवी वस्त्रे घेतली, पाय अनवाणी ठेवले. त्यागाची भाषा इथे आधीच रुळलेली होती. आणि गंमत अशी, की दागिने उतरवलेल्या फौजेच्या मूळ गणवेशाच्या कॉलरवर ‘एस’ हे अक्षर मात्र मिरवत राहिले.