शिलेदाराची जीप, बारगिराची जीप

कार्तिकात आमच्या उज्जैनला क्षिप्रेच्या काठी गाढवांचा बाजार भरतो. देवउठनी एकादशीच्या सुमाराला व्यापारी आपापली जनावरे घेऊन उतरतात आणि पौर्णिमेपर्यंत नदीकाठ गजबजलेला असतो. जनावरांना नटनट्यांची नावे दिलेली असतात, वर्तमानपत्रवाले त्यांचे फोटो छापतात. खरे गिऱ्हाईक मात्र नावाकडे ढुंकून बघत नाही. ते जनावराचा ओठ वर करते आणि दात बघते. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे खरे. पण पदरचे पैसे मोजून घ्यायच्या जनावराचे मोजावेच लागतात.

2023 च्या कार्तिकात याच बाजाराच्या दिवसांत माझी वहिनी पाटल्यांची पुरचुंडी घेऊन माझ्याकडे आली. पुतण्याला जुनी जीप घ्यायची होती. हल्ली तिला 'एसयूव्ही' म्हणतात. आमच्या माळव्यात उंच, चौकोनी आणि सात-आठ माणसे पोटात घेणारी कुठलीही गाडी म्हणजे जीपच. शेत बडनगरकडे, घरात म्हातारी माणसे, नवी घ्यायची ऐपत नाही. वहिनी म्हणाली, ''भाऊजी, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात, इंजिनातलं तुम्हाला काय कळणार? पण तुम्ही एकदा फसला आहात, म्हणून विचारते.''

फसलो होतो हे खरे. ते पुढे सांगतो. पण इतिहासाचा आणि इंजिनाचा काही संबंध नाही, हे मात्र मी तिला मान्य केले नाही.

वाहन घेताना माणूस फसतो, ही तक्रार फार जुनी आहे. ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याची सुरुवातच घोडा विकत घेताना फसगत कशी टाळावी इथून होते. तो सांगतो, आधी पाय बघा, खूर बघा. पाया कच्चा असेल तर वरचे घर सुंदर असून उपयोग काय? आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक प्रकरणच आहे. घोड्याचे कूळ, वय, रंग, खुणा आणि तो आला कुठून, हे सगळे त्याने लिहून ठेवायचे असते. विकत आला, युद्धात मिळाला, घरी जन्मला की गहाण म्हणून आला, हेसुद्धा. आजच्या आरसी बुकात यापेक्षा वेगळे काय असते? बँकेचा बोजा आहे की नाही, ते तर तिथेही बघावेच लागते.

फौजेत एक नवा घोटाळा निघाला. हजेरीच्या दिवशी उमदा घोडा दाखवायचा आणि एरवी मरतुकडे तट्टू ठेवायचे. त्यावर अल्लाउद्दीन खिलजीने घोड्याला डाग देण्याची पद्धत कडक केली आणि शिपायाचा हुलिया लिहून घ्यायला लावला; अकबराने ती पुन्हा चालू केली. इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला नंबर हा याच डागाचा वंशज. तो बघायचा, चिंधीला रॉकेल लावून घासून बघायचा आणि आरसी बुकाशी ताडून बघायचा. जुन्या जिपांत इंजिन बदललेले असण्याचा संभव फार. डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होते त्या काळात पेट्रोलच्या कितीतरी जिपांत डिझेल इंजिने बसवली गेली. त्यांतली काही बुकावर चढली, काही नुसतीच बॉनेटखाली राहिली.

पण मला सर्वांत उपयोगी पडली ती मराठी फौजेची भाषा. राणोजी शिंद्यांपासून उज्जैन हे शिंद्यांचे ठाणे होते. 1810 च्या सुमाराला दौलतरावांनी मुक्काम ग्वाल्हेरला हलवला. त्या फौजांत स्वार दोन जातींचे असत. बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. शिलेदाराचा घोडा मेला म्हणजे त्याची पोटापाण्याची सोय मेली, म्हणून तो जनावराला जपे. इतका की ऐन लढाईतही तो घोडा वाचवतो, अशी त्याच्यावर टीका होई. बारगिराला ती धास्ती नसे. जुनी जीप घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. हिच्यावर बसला तो शिलेदार होता की बारगीर? ज्याच्या खिशातून इंजिनाचे काम निघते त्याने चालवली, की पगारी ड्रायव्हरने? किलोमीटरच्या आकड्यापेक्षा मी या उत्तरावर जास्त विसंबतो. जुन्या जिपांचे मीटर पाच आकडीच असत; 99,999 झाले की पुन्हा शून्य. शिवाय मीटरची केबल काढून ठेवायला किती वेळ लागतो?

घोड्यासारखे इंजिनाचेही कूळ असते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये 2.2 लिटरचे साधे, कणखर पेट्रोल इंजिन होते. 1945 साली लुधियानात महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलादाची पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, पेढीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले आणि तिने मुंबईत माझगावला विलीज जिपा जुळवायला घेतल्या. पुढच्या जिपांचे बॉनेट उंच दिसते ते शोभेसाठी नव्हे. नव्या इंजिनात एक झडप डोक्यावर नेल्यामुळे इंजिनच उंच झाले होते. 1979 साली महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. नावातच मोजमाप आहे: 4 सिलिंडर, 90 मिलिमीटर व्यासाचे, एकूण 2,112 सीसी. दुसरे मोठे कूळ मर्सिडीजचे. पुण्याच्या बजाज टेम्पोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझकडून ओएम 616 या 2.4 लिटर डिझेलचा परवाना घेतला आणि ते इंजिन ट्रॅक्समध्ये व पुढे 'तूफान'मध्ये आले. या कंपनीचा एक कारखाना आमच्या शेजारी पीथमपूरलाच आहे, त्यामुळे माळव्यात या इंजिनाला माहेरची माणसे भरपूर. याच इंजिनाची 1976 सालची मर्सिडीज 240 डी ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने 46 लाख किलोमीटर चालवली. 2004 साली कंपनीने ती आपल्या संग्रहालयात ठेवली. विकणारा ही गोष्ट हमखास सांगतो. त्या टॅक्सीत इंजिने अदलाबदल करून वापरलेली होती, हे तो सांगत नाही. टॅक्सीवाला शिलेदार होता, एवढेच त्यातून सिद्ध होते.

म्हणजे कूळ बघावे, पण कुळावर मुलगी देऊ नये. हे मला कळले ते 1996 साली.

त्या वर्षी मी एक जुनी डिझेल जीप घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष बनावटीचा नव्हता. गावाबाहेरच्या एका ठेकेदाराची होती. आम्ही पोहोचलो तेव्हा तो म्हणाला, ''आत्ताच डिझेल भरून आणली, मास्तर.'' सेल्फ मारला, एका झटक्यात चालू. तेल काढून बघितले तर सोन्यासारखे पिवळे. मी खूष झालो. 75,000 मोजले.

तीन आठवड्यांनी, रात्री दीडच्या सुमाराला, आईच्या छातीत कळ आली. इंदूरला न्यायचे ठरले. सावेर यायच्या आत गाडीने पाणी उकळले, बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन करकरून जाम झाले. त्या अंधाऱ्या रस्त्यावर आईचे डोके मांडीवर घेऊन मी किती वेळ बसलो ते आठवत नाही. शेवटी दुधाच्या एका गाडीने आम्हाला नेले. आई वाचली, पुढे नऊ वर्षे जगली. जीप मी फ्रीगंजच्या एका मिस्त्रीकडे ओढून नेली. त्याने हेड उघडले, काळवंडलेले बोट पुसले आणि म्हणाला, ''मास्टरसाब, गरम इंजन झूठ बोलता है. आपको ठंडा देखना था.''

त्या दिवशी त्याने मला जे शिकवले ते एखाद्या विद्यापीठात शिकवत असतील असे वाटत नाही. पेट्रोल इंजिन ठिणगीवर पेटते. डिझेल नुसत्या दाबाने तापलेल्या हवेत पेटते. त्यासाठी या जुन्या इंजिनांत हवा 20 पटींहून अधिक दाबावी लागते. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले की हवा बाजूने निसटते, पुरेशी तापत नाही आणि थंड इंजिन पेटत नाही. गरम झाल्यावर मात्र तेच इंजिन निमूट चालू होते. म्हणून विकणारा आधी गाडी तापवून ठेवतो. पहाटे जा, आधी न कळवता जा, आणि किल्ली मागण्यापूर्वी रेडिएटरवर हात ठेवा.

थंड इंजिन चालू झाल्यावर धूर बघायचा. पांढरा धूर थोडा वेळ निघून विरला तर बहुधा हीटर प्लगांचे काम, चालायचेच. न विरता राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल पीत आहे. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. बऱ्याचदा तो नॉझल नाहीतर एअर फिल्टर साफ केल्यावर जातो, त्याला घाबरू नये. मग तेल भरायचे झाकण काढून त्याच भोकावर उलटे ठेवायचे. झाकण थरथरले तर ठीक. उड्या मारू लागले, खालून धुराचे भपकारे आले, तर त्याला मिस्त्री लोक 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. त्या इंजिनाला बांधायला घ्यावेच लागते. डिझेलचे तेल काळे असणे हा दोष नाही, चार दिवसांत काळे होतेच. माझे पिवळेधमक होते, म्हणजे आदल्याच दिवशी बदललेले. आणि दाट होते, म्हणजे आवाज दाबण्यासाठी जाड तेल घातलेले. दुधाळ तेल दिसले तर मात्र चहासुद्धा न घेता परतावे. पाणी तेलात उतरले आहे.

माझ्या जिपेचा घात पाण्यानेच केला. काही इंजिनांत लायनरच्या भोवती थेट पाणी खेळते. त्यात कूलंट न घालता वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी भरले की गंज धरतो, लायनरला बाहेरून सुईएवढी भोके पडतात, रेडिएटर गाळाने बुजतो. ठेकेदाराच्या ड्रायव्हरला कूलंटचे पैसे कोण देणार? बारगिराचा घोडा. रेडिएटर थंड असताना झाकण उघडून पाण्याचा रंग बघितला असता तर मला कळले असते: तांबडा, वीट उगाळल्यासारखा.

एक सांगायला हवे. ही विद्या जुन्या इंजिनांची आहे. 2005 च्या आसपास आपल्या जिपांत कॉमन रेल आले. त्यात डिझेल हजारपट हवेच्या दाबाने फवारले जाते आणि कारभार संगणकाच्या हाती असतो. तिथे झाकण-धुराच्या परीक्षेबरोबर स्कॅनर लावावाच लागतो. नुसत्या कानाने इंजेक्टरची झीज कळत नाही, आणि ते काम निघाले की पाटल्या पुरत नाहीत.

तर पुतण्याची गोष्ट. त्याने आधीच एक गाडी मनात धरली होती. दिल्ली पासिंगची, चकचकीत, किंमत नवलाची कमी. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आदेशाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी झाली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला, आणि त्यानंतर तिकडच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात उतरू लागल्या. त्या सगळ्या वाईट असतात असे नाही. काहींचा गुन्हा केवळ वयाचा. आम्ही तिघे, मी, पुतण्या आणि त्या फ्रीगंजच्या मिस्त्रीचा मुलगा, पहाटे सहाला गेलो. पुतण्या चोरासारखा पुढे झाला, बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला. ''काका, गरम आहे.'' मालक म्हणाला, बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी चालू करतो. आम्ही त्याचा चहा घेतला आणि परत आलो.

दुसरी मिळाली बडनगरच्या बाजूला, एका शेतकऱ्याची 2009 ची तूफान. पंधरा वर्षे भरायला थोडे महिने उरले होते. पुढच्या नोंदणीचे 5,000 आणि फिटनेसचा खर्च आम्ही किमतीतून वजा धरला. बॉनेट दवाने ओले. तिसऱ्या सेल्फला चालू झाली, पांढरा धूर निघाला, मिनिटभरात विरला. झाकण जागेवर थरथरत राहिले. रेडिएटरमध्ये हिरवे कूलंट. मग सहा माणसे बसवून वीस किलोमीटर पळवली आणि तापल्यावर, रिकाम्या चालीवर, तेलाच्या दाबाचा काटा बघितला. थंडीत सगळ्यांचाच वर असतो, गरमीत बेअरिंगांची झीज उघडी पडते. काटा उतरला, पण पडला नाही. मिस्त्रीच्या मुलाने चारी सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. आकडे फार उंच नव्हते, पण चौघांचे जवळजवळ सारखे होते. एकच सिलिंडर मागे पडला तर इंजिन उघडावे लागते. चौघे सारखे म्हातारे झाले असतील तर चालवता येते. नंबर चिंधीने घासला, बुकाशी जुळला.

शेतकऱ्याने घरातून एक वही आणली. तेल कधी बदलले, किती लिटर, कितीला; शाळेच्या वहीत, पेन्सिलीने, पहिल्या दिवसापासून. पुतण्या घासाघीस करायच्या तयारीने आला होता. वही चाळून झाल्यावर त्याने फक्त हीटर प्लगांचे पैसे कमी करायला सांगितले. म्हातारा हसला आणि म्हणाला, ''काट लो. लेकिन कॉपी मेरे पास रहेगी.'' पुतण्याने येताना बडनगरच्या बाजारात नवी वही घेतली.