शेवटचा घास : मेजवानी, आग्रह आणि वजन (थ्रेड)

१/
सणासुदीत वजन वाढते ही तक्रार आपल्याच पिढीची आहे, असे आपण समजून चालतो. पावले मोजणारी घड्याळे आणि उष्मांक मोजणारी ॲप्स नवी आहेत, हे खरे. पण पोटाला तड लागेपर्यंत जेवून नंतर हळहळणारा माणूस फार जुना आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाचा असा वृत्तान्त पाली साहित्यात आहे, आणि तोही तक्रार, उपाय व परिणाम अशा तिन्ही अंगांनी. तिथून निघून रोम, पादुआ, लंडन करीत या थ्रेडमध्ये आपण आपल्या पंगतीपर्यंत येणार आहोत. सोबत एकच प्रश्न ठेवू : पान वाढलेले आहे, भोवती आग्रह करणारी माणसे आहेत, अशा वेळी ‘पुरे’ कोणी म्हणायचे?

२/
कोसल देशाचा राजा पसेनदि, म्हणजेच संस्कृत ग्रंथांतला प्रसेनजित. राजधानी श्रावस्ती, आजच्या उत्तर प्रदेशातील सहेत-महेत. संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात ‘दोणपाक सुत्त’ नावाचे एक अगदी छोटे सुत्त आहे. त्यात म्हटले आहे की हा राजा एका वेळी एक दोण तांदळाचा भात खात असे. (दोण म्हणजे संस्कृत द्रोण. आपल्याकडे हा शब्द आता पानांच्या वाटीपुरता उरला आहे. त्या काळी ते धान्याचे चांगले मोठे माप होते.) असेच एकदा भरपेट जेवून राजा धापा टाकीत बुद्धांच्या भेटीस आला. त्याची अवस्था पाहून बुद्धांनी एक गाथा म्हटली. आशय एवढाच, की जो सावधपणे जेवतो आणि अन्नाची मात्रा ओळखतो, त्याच्या व्याधी हलक्या होतात आणि वार्धक्य सावकाश येते.

३/
उपदेश ऐकून राजे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोणभर भात शिजतो, हा नेहमीचा क्रम. पसेनदिने मात्र निराळे केले. पाठीशी सुदस्सन नावाचा एक ब्राह्मण तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला सांगितली, आणि आपण जेवायला बसू तेव्हा ती म्हणून दाखवण्याचे काम त्याच्यावर सोपवले. वेतन रोजचे शंभर कहापण.

४/
मूळ सुत्त येथे फार तपशील देत नाही. तो मिळतो इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात. तिथे बुद्ध त्या तरुणाला सांगतात की गाथा जेवणाच्या आरंभी म्हणू नकोस, जेवण संपत येईल तेव्हा म्हण. गाथा कानी पडताच राजाने उरलेला भात बाजूला ठेवायचा. त्या भातात जितकी शिते असतील, तितके तांदूळ दुसऱ्या दिवशीच्या शिजवण्यातून कमी करायचे. मग त्या कमी झालेल्या पानातला शेवटचा भाग पुन्हा बाजूला, आणि पुन्हा तितके तांदूळ कमी.

५/
भाष्यकार मूळ प्रसंगापासून कित्येक शतके दूर होता. त्यामुळे शिते मोजण्याचा भाग त्याने किंवा त्याच्या परंपरेने रचलेला असणे शक्य आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवलेच पाहिजे. तरीही ज्याने ही युक्ती सुचवली, त्याला भरल्या पानापुढचा माणूस नेमका कळला होता. आरंभी भुकेपुढे कोणताही उपदेश टिकत नाही. शेवटी पोट भरलेले असते, हात मात्र चालूच असतो, आणि तिथे एका वाक्याने काम होऊ शकते. शिवाय राजाला काहीच सोडायला लावलेले नाही. उपवास नाही, मेजवानीला बंदी नाही. कपात रोज एका घासाची.

६/
परिणाम सुत्तातच सांगितला आहे. राजा क्रमाक्रमाने जास्तीत जास्त एक नाळी भातावर आला. पाली मापांप्रमाणे सोळा नाळींचा एक दोण होतो, यावरून अंतर ध्यानात यावे. पुढे शरीर सडपातळ झाल्यावर तो स्वतःच्या अंगावरून हात फिरवीत कृतज्ञतेने बोलतो, तेथे सुत्त संपते.

मला या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो तो शंभर कहापणांचा उल्लेख. राजाच्या भोजनगृहात प्रत्येकाचे काम वाढण्याचे. राजाला नको म्हणायला सांगण्यात कोणाचेही हित नाही, झालीच तर भीती आहे. अशा खोलीत पसेनदिने एक माणूस असा ठेवला, की ज्याची मिळकतच ‘थांबा’ सुचवण्यावर अवलंबून होती. स्वतःच्या इच्छाशक्तीवर त्याने फारसा विश्वास टाकला नाही आणि म्हणूनच बहुधा तो यशस्वी झाला.

७/
आयुर्वेदाने हाच विषय वैद्याच्या बाजूने मांडला. चरकसंहितेच्या विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पिले आहेत : एक घन अन्नाला, एक द्रव पदार्थांना आणि एक वात-पित्त-कफांच्या संचारासाठी मोकळा. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलतेची कारणे येतात : गोड, स्निग्ध आणि जड अन्नाचा अतिरेक, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप, सदैव हर्ष, निश्चिंतपणा आणि बीजस्वभाव, म्हणजे जन्मतः लाभलेली प्रकृती. शेवटचे कारण सोडले तर ही यादी म्हणजे दिवाळीच्या सुट्टीचे वर्णनच आहे! उपाय म्हणून पचायला जड पण पोषणाला कमी असे अन्न सांगितले आहे. त्यात जव, मूग, कुळीथ, ताक यांची नावे येतात. बीजस्वभावाचा उल्लेख मला विशेष महत्त्वाचा वाटतो. जाड माणूस म्हणजे केवळ हावरा माणूस, असा सरसकट निवाडा चरकाने केलेला नाही.

८/
रोमने हे काम कायद्यावर सोपवून पाहिले. इ.स.पू. १६१ मधील ‘लेक्स फॅनिया’ या कायद्याने सॅटर्नेलियासारख्या मोठ्या सणांच्या दिवशी जेवणावरील खर्चाची मर्यादा १०० ॲस (तांब्याचे नाणे) ठरवली, तर बहुतेक साध्या दिवशी केवळ १० ॲस. पानात कोंबडी असलीच तर एकच आणि तीही मुद्दाम खाऊ घालून पुष्ट न केलेली. उद्देश वजन घटवण्याचा नव्हता. घराणी उधळपट्टीने बुडू नयेत आणि मेजवान्यांतून राजकीय गट बांधले जाऊ नयेत, ही चिंता त्यामागे होती. पण ‘सणाला दसपट चालेल’ असे लिहून देणारा हा कायदा माणसाच्या स्वभावापुढे किती नमलेला आहे, ते पाहा.

९/
असे कायदे पुनःपुन्हा करावे लागले, यातच त्यांचे अपयश दिसते. इ.स.पू. पहिल्या शतकात अँटियस रेस्टियो याने आणखी एक कायदा आणला. मॅक्रोबियस हा लेखक सांगतो की त्यानंतर रेस्टियो आयुष्यभर कोणाच्याही घरी जेवायला गेला नाही. आपल्या कायद्याचे धिंडवडे डोळ्यांनी पाहावे लागू नयेत म्हणून! मेजवानीत संयम आणायला निघालेला माणूस शेवटी मेजवानीलाच मुकला.

१०/
आता सोळाव्या शतकातील इटली. व्हेनिसच्या सत्तेखालील पादुआ शहरात लुइजी कोर्नारो नावाचा एक श्रीमंत गृहस्थ राहत असे. तारुण्यात खाण्यापिण्याची चैन झाली, चाळिशीच्या सुमारास प्रकृती ढासळली, वैद्यांनी मिताहार सांगितला. कोर्नारोने तो अक्षरशः पाळला : दिवसाला १२ औंस अन्न आणि १४ औंस वाइन. या अनुभवावर त्याने १५५८ मध्ये मिताहारी जीवनाविषयी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते पुढे अनेक युरोपीय भाषांत गेले.

११/
त्या पुस्तकातला एक प्रसंग प्रत्येक मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. कोर्नारो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असताना नातेवाईक आणि मित्र त्याच्या मागे लागले : या वयात इतके थोडे खाऊन कसे चालेल, थोडे तरी वाढवा. प्रेमापोटी केलेला आग्रह होता. अखेर तो नमला आणि अन्न १४ औंस, वाइन १६ औंस असे प्रमाण झाले. थोड्याच दिवसांत त्याचे मन उदास झाले, चिडचिड वाढली, मग ताप भरला आणि तो ३५ दिवस टिकला. बरा झाल्यावर त्याने पुन्हा जुने प्रमाण धरले. दोन औंसांनी इतका आजार येतो, हे आज कोणी मान्य करणार नाही. पण घरच्यांचे मन राखायला खाल्लेला जास्तीचा घास किती जड जातो, हे त्याने अचूक लिहून ठेवले आहे.

(नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाने पुढे कोर्नारोची रेवडी उडवली. त्याचे म्हणणे असे, की कोर्नारो कमी खाऊन निरोगी राहिला हे उलटे आहे; त्याची शरीरक्रियाच मंद होती म्हणून त्याला कमी अन्न पुरत होते. एका माणसाचे पथ्य सर्वांच्या गळ्यात मारू नये, एवढे तरी या टीकेतून घेण्यासारखे आहे.)

१२/
याच पादुआच्या विद्यापीठात १६११ पासून सांतोरियो सांतोरियो हा वैद्यकाचा प्राध्यापक होता. त्याने एक खुर्ची मोठ्या तराजूच्या दांडीला टांगली आणि तिच्यावर बसून वर्षानुवर्षे स्वतःचे वजन केले. जेवणाचे वजन केले, मलमूत्राचेही केले. खाल्लेल्या आठ पौंडांतले जवळजवळ पाच पौंड न दिसणाऱ्या बाष्परूपाने शरीराबाहेर जातात, असा त्याचा निष्कर्ष होता. १६१४ मध्ये हे संशोधन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

१३/
त्या खुर्चीचे प्रसिद्ध चित्र आहे : सांतोरियो खुर्चीवर, समोर मांडलेले जेवण. खुर्चीची रचना अशी होती की ठरवलेल्या वजनाइतके अन्नपाणी पोटात गेले की ती किंचित खाली झुके आणि जेवणारा ओळखे, की आता पुरे. पसेनदिचा सुदस्सन येथे लाकूड-लोखंडाचा झाला. शंभर कहापण वाचले, एवढाच फरक!

१४/
तराजू मग बाजारात आला. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर तीन क्रमांकाच्या दुकानात कॉफीची पोती तोलण्याचा मोठा काटा होता. १७६५ पासून तेथे प्रतिष्ठित ग्राहक हौसेने आपले वजन करून घेऊ लागले आणि दुकानदार त्याची वहीत नोंद ठेवू लागले. कवी लॉर्ड बायरनच्या नोंदी त्यांत आहेत. १८०६ मध्ये सुमारे ८८ किलो, १८११ मध्ये सुमारे ६२. मधल्या काळात त्याने स्वतःला अक्षरशः उपाशी ठेवले होते.

१५/
१८११ च्या नोव्हेंबरात सॅम्युएल रॉजर्स या कवीने बायरनला जेवायला बोलावले. टॉमस मूर आणि टॉमस कॅम्पबेल हे कवीही होते. यजमानाने सूप घेणार का विचारले; नको. मासे? नको. मटण? नको. वाइन? तीही नको. मग हवे तरी काय? बिस्किटे आणि सोडावॉटर. नेमके तेच घरात नव्हते! शेवटी बायरनने बटाटे कुस्करले, त्यावर व्हिनेगर ओतले आणि तेवढ्यावर जेवण संपवले.

१६/
काही दिवसांनी रॉजर्सने बायरनचा मित्र हॉबहाउस याला विचारले, हे पथ्य किती दिवस चालणार? उत्तर आले, तुम्ही त्याकडे लक्ष देत आहात तोपर्यंत. रॉजर्सला नंतर असेही कळले की त्या रात्री त्याच्या घरून निघून बायरन एका क्लबात गेला आणि तेथे त्याने मांसाचे भरपेट जेवण केले. रॉजर्सच्या या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर, १८५६ मध्ये छापल्या गेल्या. त्यांत गावगप्पांचा अंश असणारच, आणि हॉबहाउसच्या उत्तरातली थट्टा मला निर्दयही वाटते. चारचौघांत काही खायचे नाही, मग एकट्याने लपून पोट भरायचे, आणि पुन्हा उपास करायचा. हे चक्र आज वैद्यक आजाराच्या दृष्टीने पाहते. त्या टेबलाभोवती इंग्लंडमधले इतके शहाणे कवी बसले होते, पण बायरनच्या पाठीशी कोणी सुदस्सन नव्हता. होते ते प्रेक्षक.

१७/
आता आपली पंगत. येथे आग्रह हा यजमानाचा धर्म. पान रिकामे दिसले की वाढपी आलाच, आणि दोन्ही हातांनी पान झाकणाऱ्या पाहुण्याच्या बोटांवरही जिलबी पडायची. पण याच पंगतीच्या पारंपरिक विधीत थांबण्याचीही सोय होती. जेवणाच्या आरंभी आपोष्णी घ्यायची, तशी शेवटी उत्तरापोशन. हातावरचे ते घोटभर पाणी प्यायले, की त्यानंतर काही खायचे नाही. यजमानाचा मान जात नाही आणि पाहुणाही सुटतो. (या पंगती जातीजातींच्या वेगळ्या बसत आणि हा विधीही सर्वांचा नव्हता, हे विसरून तिच्या आठवणींत रमू नये.)

१८/
चातुर्मासाचे गणितही पाहण्यासारखे आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या याच चार महिन्यांत गणपती, नवरात्र, दिवाळी येतात. आणि एकभुक्त राहणे, कांदा-लसूण-वांगी वर्ज्य करणे, एक दिवस उपवास व एक दिवस जेवण असे ‘धारणे-पारणे’ करणे ही व्रतेही याच महिन्यांत. व्रतांमागे पुण्याची कल्पना होती, कंबरेच्या घेराची नव्हे. तरीही एक सोय आपोआप होई : व्रतस्थ माणसाला कोणी आग्रह करीत नसे. ‘डाएट चालू आहे’ म्हटले की मावशी दुप्पट वाढतात. ‘आज माझी एकादशी आहे’ म्हटले की त्याच मावशी मागे सरतात.

१९/
अर्थात मागे सरून त्या स्वयंपाकघरातून खिचडीचे पातेले घेऊन येतात, हा भाग वेगळा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. आणि त्या पातेल्यात काय असते? ज्या कंदापासून आपला आजचा साबुदाणा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची. हे चारही अमेरिका खंडातले आणि पोर्तुगीज आल्यानंतर भारतात पोचलेले. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळच्या एकादशीला यांतला एकही पदार्थ पानात नव्हता. तेव्हा उपवासाला काय खात असत, त्यावर पुढचा थ्रेड.