जुनी रम खरंच जास्त चांगली असते का? पिंपातलं वय, बाटलीतलं वय आणि लाखांच्या किमतीमागचं गणित

घराची साफसफाई काढली की कधीतरी माळ्यावर किंवा कपाटाच्या मागच्या कप्प्यात एखादी सीलबंद बाटली सापडते. आजोबा लष्करात होते, तिथल्या कँटीनमधून आणलेली रम. वीस-पंचवीस वर्षं तशीच पडून राहिलेली. मग फॅमिली ग्रुपवर फोटो जातो आणि लगेच कोणीतरी लिहितं, "जपून ठेवा, जुनी रम आहे, लाखांत जाईल!"

'जुनं ते सोनं' ही म्हण रमला लागू पडते, पण अर्धीच. कारण रमचं वय दोन प्रकारचं असतं. एक लाकडी पिंपातलं आणि दुसरं काचेच्या बाटलीतलं. पहिल्या वयात रम बदलते. दुसऱ्या वयात रम आहे तशीच राहते, बदलते ती फक्त तिची किंमत. (आणि तीही प्रत्येक बाटलीची नाही.)

पिंपात नेमकं काय होतं?

रम बनते उसापासून. काही ठिकाणी थेट उसाच्या रसापासून, पण बहुतेक ठिकाणी साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून. साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्यांना मळीचा वास वेगळा सांगायला नको. ही मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून जे मद्य निघतं ते पाण्यासारखं पारदर्शक असतं. चवीला तिखट, घशाला जाळणारं. तपकिरी रंग, व्हॅनिलासारखा सुगंध, गोडसर मऊपणा, हे सगळं नंतर येतं.

ते येतं ओकच्या लाकडातून. कॅरिबियन बेटांवर रमसाठी बहुतेक वेळा अमेरिकेतली वापरलेली पिंपं घेतात. बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपातच ठेवावी असा अमेरिकेचा कायदा आहे. त्यामुळे तिथे एकदा वापरून झालेलं साधारण २०० लिटरचं पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. ते स्वस्तात विकलं जातं आणि जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादला पोहोचतं.

पिंपात एकाच वेळी अनेक गोष्टी चालू असतात. मद्य लाकडात मुरतं आणि लाकडातला रंग, टॅनिन आणि व्हॅनिलिन सोबत घेऊन बाहेर येतं. जळलेल्या थराचा कोळसा काही उग्र घटक शोषून घेतो. लाकडाच्या छिद्रांतून थोडी थोडी हवा आत जाते, आम्लं आणि अल्कोहोल यांच्यातून एस्टर तयार होतात आणि फळांसारखा वास येऊ लागतो.

आणि याच छिद्रांतून रम उडूनही जाते. या घटीला जगभर 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. देवदूत उष्ण प्रदेशात जरा जास्तच पितात! स्कॉटलंड-इंग्लंडच्या थंड हवेत वर्षाला साधारण २ टक्के घट होते, तर कॅरिबियनमध्ये ६ टक्के किंवा त्याहून जास्त.

ऐकायला ६ टक्के किरकोळ वाटतात. पण हे चक्रवाढ व्याजासारखं आहे, फक्त उलट्या दिशेने. २०० लिटरचं पिंप भरून ठेवलं तर ६ टक्क्यांच्या हिशोबाने १२ वर्षांनी त्यात सुमारे ९५ लिटर रम उरते आणि २० वर्षांनी अवघी ५८ लिटर. तेच पिंप युरोपात ठेवलं असतं तर २० वर्षांनीही १३३ लिटर शिल्लक असती. म्हणजे कॅरिबियनमधल्या वीस वर्षांच्या रमचा प्रत्येक लिटर मूळच्या जवळपास साडेतीन लिटरचा खर्च अंगावर घेऊन येतो. गोदामाचं भाडं, विमा आणि वीस वर्षं अडकून पडलेलं भांडवल यात धरलेलंच नाही.

जमैकाच्या ॲपलटन इस्टेटचं उदाहरण बघा. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला, तेव्हा पिंपात भरलेली रम त्यांनी ५० वर्षांनी, २०१२ मध्ये बाजारात आणली. बाटल्या फक्त ८०० आणि किंमत एका बाटलीला सुमारे ५ हजार डॉलर. वरच्याच हिशोबाने ५० वर्षांनी एका पिंपात जेमतेम ९ लिटर उरतात, म्हणजे डझनभर बाटल्या. त्या किमतीचा मोठा भाग हवेत उडालेल्या रमचा आहे.

मग ५० वर्षांची रम १२ वर्षांच्या रमपेक्षा चौपट चांगली लागते का? नाही. लाकूड देतं तसं ते बिघडवतंही. उष्ण हवेत जास्त वर्षं गेली की टॅनिन वाढतं, तोंड कोरडं पडतं आणि उसाची, मळीची मूळ ओळख लाकडाखाली दबून जाते. फार जुन्या रममध्ये कधी कधी फर्निचर चघळल्याचा भास होतो, तो यामुळेच. कॅरिबियनमधल्या बऱ्याच रम ८ ते १५ वर्षांच्या दरम्यानच सगळ्यात तोलात असतात. त्यापुढे पिंपागणिक नशीब बदलतं. चवीची कमान एका टप्प्यानंतर खाली झुकू शकते, पण घटीच्या गणितामुळे किंमत मात्र वरच जात राहते.

लेबलवरचा आकडा म्हणजे वयच असतं का?

नेहमी नाही. युरोपियन युनियनमध्ये वय लिहायचं असेल तर मिश्रणातल्या सगळ्यात तरुण रमचं वय लिहावं लागतं. जमैकामध्येही हाच नियम आहे. पण बाटलीवर नुसताच आकडा असेल आणि त्यापुढे 'वर्षे' हा शब्द नसेल, तर थांबून विचार करायला हवा. ग्वाटेमालाच्या प्रसिद्ध झकापा रमवर मोठा '२३' दिसतो. ती सोलेरा पद्धतीची रम आहे, म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या रम टप्प्याटप्प्याने एकमेकींत मिसळत जातात. तिच्यात ६ वर्षांपासून २३ वर्षांपर्यंतच्या रम असतात. कंपनी हे लपवत नाही, पण घेणारा बहुधा '२३ वर्षांची' असंच समजून घेतो.

दुसरा घोळ गोडव्याचा. पिंपातून साखर येत नाही. काही रम जुन्या आणि मऊ लागाव्यात म्हणून त्यांत वरून साखर मिसळली जाते. युरोपियन युनियनने यावर लिटरला २० ग्रॅमची मर्यादा घातली आहे. त्यामुळे 'किती मऊ आहे बघ, नक्की जुनी असणार' हा अंदाज अनेकदा चुकतो.

बाटलीत गेल्यावर घड्याळ थांबतं

रम बाटलीत भरली की लाकूड संपलं, त्यामुळे तिचं पिकणंही संपलं. काही वाईन बाटलीत वर्षानुवर्षं सुधारतात, तसं इथे होत नाही. १२ वर्षांची रम ३० वर्षं कपाटात ठेवली तर ती ४२ वर्षांची होत नाही. ती १२ वर्षांचीच राहते, फक्त धूळ जमते.

याचा मोठा पुरावा ब्रिटिश नौदलाने ठेवला. तिथल्या खलाशांना रोज रमचा शिधा मिळायचा. ३१ जुलै १९७० रोजी ही प्रथा बंद झाली, तो दिवस 'ब्लॅक टॉट डे' म्हणून ओळखला जातो. उरलेली रम चिनी मातीच्या मोठ्या बुधल्यांत सीलबंद पडून राहिली. ४० वर्षांनी, २०१० मध्ये, ती बाटल्यांत भरून ६०० पाउंडांना एक अशी विकली गेली. त्या ४० वर्षांत तिला लाकडाचा स्पर्शही झाला नव्हता. लोकांनी पैसे मोजले ते नौदलाच्या शेवटच्या शिध्याचे.

कारोनी: कारखाना बंद पडला आणि रम सोन्याची झाली

रमच्या किमतीची सगळ्यात गाजलेली गोष्ट त्रिनिदादची आहे, आणि तिचा एक धागा भारताशी जुळलेला आहे. गुलामगिरी संपल्यावर त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून ब्रिटिशांनी भारतातून करारबद्ध मजूर नेले. पहिलं जहाज ३० मे १८४५ रोजी तिथे पोहोचलं. त्यातले बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारच्या पट्ट्यातले. पुढे त्यांच्या कित्येक पिढ्या उसावर जगल्या. कारोनी हे याच ऊसपट्ट्यातलं साखरेचं आणि रमचं मोठं नाव.

कारोनीची रम हलकीफुलकी नव्हती. डांबर, डिझेल, जळलेलं रबर, काळी मळी, अशा शब्दांत तिचं वर्णन होतं. असली जड रम ब्रिटिश नौदलाच्या मिश्रणातही जायची. पण नौदलाचा शिधा बंद झाला, लोकांची आवड हलक्या रमकडे वळली आणि साखर तोट्यात गेली. २००३ मध्ये सरकारी मालकीचा हा उद्योग बंद झाला. हजारो कामगार घरी बसले, डिस्टिलरीला कुलूप लागलं.

डिसेंबर २००४ मध्ये इटलीतल्या जिनोआच्या 'वेलिए' कंपनीचे लुका गार्गानो छायाचित्रकारासोबत तिथे पोहोचले. बंद गोदामात त्यांना जुनी पिंपं सापडली, काही तर १९७४ च्या रमची. त्यांनी ती विकत घ्यायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत ही रम पाणी न मिसळता, वर्ष छापून बाटल्यांत भरली. सुरुवातीला फारसा उठाव नव्हता. डांबराच्या वासाची रम कोण घेणार?

मग हळूहळू दोन गोष्टी लोकांच्या लक्षात आल्या. एक, अशी रम आता कोणी बनवत नाही. दोन, जी आहे ती संपत चालली आहे. उघडलेली प्रत्येक बाटली म्हणजे जगातली एक कारोनी कमी. आज लिलावात या बाटल्यांना शेकडो, आणि दुर्मीळ असतील तर हजारो पाउंड मिळतात. बाटलीतला द्रव मात्र भरला त्या दिवशी होता तोच आहे.

कारोनीची काही पिंपं आधीच युरोपात गेली होती आणि तिथल्या थंड गोदामांत पिकली. त्यामुळे एकाच कारखान्याची, जवळपास एकाच वयाची रम दोन हवामानांत कशी घडते हे शेजारी ठेवून पाहता येतं. त्रिनिदादमध्ये पिकलेली गडद, दाट आणि लाकडाची. युरोपात पिकलेली फिकट, आणि तिच्यात मूळ डांबरी वास जास्त शाबूत. संग्राहक सहसा पहिलीला जास्त भाव देतात. दोन्हींवर छापलेले वर्षांचे आकडे मात्र सारखेच दिसू शकतात.

वेलिएने पुढे एक मालिका काढली, तिच्या लेबलांवर कारोनीच्या जुन्या कामगारांचे फोटो छापले. ज्यांचा रोजगार गेला त्यांचे चेहरे आता जगभरच्या संग्राहकांच्या काचेच्या कपाटात आहेत. ही मालिका आदर म्हणून काढली गेली हे खरं, पण भाव चढल्यावर होणारा नफा लिलावात विकणाऱ्यालाच मिळतो.

मग आजोबांच्या बाटलीचं काय?

भारतात सगळ्यात परिचित जुनी रम म्हणजे ओल्ड मंक. १९५४ पासून बाजारात असलेल्या या रमच्या लेबलवर सात वर्षांचा उल्लेख असतो. ती आजही बनते, गल्लीतल्या दुकानात मिळते. कारखाना बंद नाही, चव नामशेष नाही, मग तिच्या जुन्या बाटलीला कारोनीसारखा भाव येण्याचं कारणच उरत नाही. आठवणीची किंमत वेगळी.

आपल्याकडे किमतीचं आणखी एक वेगळेपण आहे. तीच बाटली गोव्यात स्वस्त आणि मुंबईत महाग असते. तो फरक वयाचा नाही, राज्याच्या उत्पादन शुल्काचा आहे. पिंपातल्या वयाची किंमत मोजायला लावणाऱ्या भारतीय रम आता कुठे येऊ लागल्या आहेत. हरियाणातल्या पिकॅडिली कंपनीची उसाच्या रसापासून बनलेली, १२ वर्षं पिकवलेली कामिकारा ही त्यातली एक. आपल्या उन्हाळ्यात १२ वर्षं पिंप राखणं म्हणजे देवदूतांना जेवणावळ घालण्यासारखंच आहे.

आणि विकायचा विचार असेल तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य विकणं गुन्हा आहे, मग बाटली घरातली का असेना. 'लाखांत जाईल' म्हणणाऱ्या काकांना हे आधी सांगा.

ठेवायचीच असेल तर बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली तर एवढ्या तीव्र मद्याने बूच खराब होतं. ऊन लागू देऊ नका, रंग आणि वास दोन्ही फिके पडतात. सीलबंद बाटलीतली पातळी मानेच्या बरीच खाली गेली असेल तर झाकणातून रम उडाली आहे आणि हवा आत गेली आहे. तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. उघडलेली बाटली नासत नाही, पण अर्ध्यावर आली की आतली हवा वास खाऊ लागते. ती पुढच्या पिढीसाठी ठेवण्यात अर्थ नाही.