‘दुष्काळ’ हा शब्द आणि ‘स्टेट्समन’चीं छायाचित्रें

युद्धकाळांत सरकार वर्तमानपत्रांचें तोंड बंद करतें असें आपण सहज म्हणतों. परंतु ही मुस्कटदाबी नेहमीं दांडगाईनेंच होते असें नाहीं. संपादकाला विश्वासांत घेऊन, त्याच्या जबाबदारीच्या जाणिवेलाच हात घालून, तेंच काम पुष्कळदां अधिक सफाईनें होतें. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळाची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. ज्या पत्रानें ही कोंडी फोडली तें सरकारचें वैरी नव्हतें, हें तर तिच्यांतील विशेष.

मार्च १९४२ मध्यें रंगून जपान्यांच्या हातीं गेलें आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. शत्रु किनाऱ्यावर उतरल्यास त्याला वाहनें मिळूं नयेत म्हणून सरकारनें बंगालच्या किनारपट्टींतील हजारों होड्या काढून घेतल्या किंवा मोडून टाकल्या; कोळ्यांची व नदीवरच्या व्यापाऱ्यांची उपजीविका त्यांबरोबर गेली. १६ ऑक्टोबर १९४२ रोजीं मेदिनीपुरावर चक्रीवादळ कोसळलें. त्यांत सुमारें १४ हजार माणसें दगावलीं, तरी शत्रूला फायदा होईल या सबबीवर ती बातमी कांहीं दिवस दाबून ठेवण्यांत आली. समुद्रानें धुऊन नेलेल्या खेड्यांची माहिती टोकियोच्या सेनापतींस कोणत्या कामीं येणार होती, हें सांगणें कठीण आहे! पुढें कलकत्त्याच्या घाऊक बाजारांत डिसेंबर १९४२ मध्यें मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ मे १९४३ मध्यें ३० रुपयांवर आणि ऑगस्टांत ३७ रुपयांवर गेला. सरकारी उत्तर मात्र एकच होतें: धान्याचा तुटवडा नाहीं, साठेबाजांनीं तें दडविलें आहे. दुष्काळसंहितेप्रमाणें दुष्काळ जाहीर केला असता तर ठराविक शिधा देणें सरकारवर बंधनकारक झालें असतें, आणि तेवढें धान्य हातीं नव्हतें. म्हणून तो शब्दच टाळण्यांत आला.

पत्रकारांची स्थिति काय होती? नोव्हेंबर १९४० मध्यें दिल्लीस संपादकांची अखिल भारतीय परिषद स्थापन झाली होती, आणि सरकारशीं झालेल्या समजुतीनुसार प्रांतोप्रांतीं सल्लागार समित्या नेमल्या गेल्या होत्या. युद्धप्रयत्नास बाध आणावयाचा नाहीं, आणि त्या बदल्यांत सरकारनें फार जाच करावयाचा नाहीं, असा तो सौदा. ऑगस्ट १९४२ मध्यें लखनौच्या ‘नॅशनल हेरल्ड’नें बंधनांखालीं निघण्यापेक्षां बंद राहणें पत्करलें. जीं पत्रें चालू राहिलीं त्यांनीं लिहिलें नाहीं असें नाहीं. परंतु देशी पत्रांची ओरड राजकीय कांगावा म्हणून बाजूस सारणें लंडनला सोपें होतें.

‘स्टेट्समन’ची गोष्ट वेगळी. तें इंग्रजी मालकीचें, साहेब लोकांच्या न्याहारीच्या मेजावरचें पत्र. त्याचे संपादक इयन स्टीफन्स हे तर पूर्वीं सरकारच्याच माहितीखात्याचे प्रमुख होते. बातमीला वळण कसें द्यावयाचें, अप्रिय गोष्टीला सौम्य नांव कसें शोधावयाचें, हें त्यांस आंतून ठाऊक होतें. लोकांचा धीर खचूं देऊं नये ही सरकारची विनंति त्यांच्याही पत्रानें कांहीं महिने मानली होती. पण कचेरीच्या दारांतून बाहेर पडावें तों पदपथावर मरणासन्न माणसें दिसत, आणि छापलेल्या मजकुरांत ‘दुष्काळ’ नाहीं, अशी ती अवस्था होती.

नियमांचा सारा रोख शब्दांवर होता; छायाचित्रांचा त्यांत उल्लेख नव्हता. स्टीफन्स यांनीं हीच फट हेरली. शहरांत छायाचित्रकार धाडून त्यांनीं चित्रें आणविलीं, आणि रविवार, २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकांत हाडांचे सांपळे झालेलीं मुलें व बायका वाचकांसमोर मांडल्या. पुढच्या रविवारीं पुन्हां तशींच चित्रें आलीं, त्यापाठोपाठ कडक अग्रलेख आले. मग लंडनला आणि अमेरिकेंतही ही वार्ता नाकारतां येईना. मला वाटतें, ज्या जवळिकीमुळें तें पत्र इतके दिवस गप्प होतें, त्याच जवळिकीमुळें त्याच्या साक्षीला वजन आलें. हें न्याय्य नव्हे. तीच गोष्ट एखाद्या बंगाली पत्रानें दाखविली असती तर इतकी खळबळ उडाली असती काय?

ऑक्टोबरांत व्हाइसरॉयपदावर आलेले लॉर्ड वेव्हेल लागलीच कलकत्त्यास गेले आणि धान्य पोंचविण्याच्या कामीं त्यांनीं लष्कर लावलें. या बदलाचें सर्व श्रेय छायाचित्रांस देणें धाडसाचें होईल. वेव्हेल यांचा स्वभावही त्यांत होता. शिवाय तोंवर फार उशीर झाला होता. हिंवताप, पटकी व देवी यांनीं १९४४ मध्येंही माणसें मरतच राहिलीं. १९४५ च्या चौकशी आयोगानें मृतांचा आंकडा सुमारें १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांपैकीं पुष्कळांनीं तो ३० लाखांच्या आसपास नेला आहे.

स्टीफन्स यांस तुरुंग घडला नाहीं. १९५१ पर्यंत ते संपादक राहिले. याच सुमारास चित्तप्रसाद या चित्रकारानें मेदिनीपूर पायीं हिंडून रेखाटनें केलीं व तीं ‘हंग्री बेंगॉल’ या नांवानें पुस्तिकारूपानें छापलीं गेलीं. ती पुस्तिका कम्युनिस्टांची होती, साहेबांच्या न्याहारीच्या मेजावरची नव्हे. तिच्या सुमारें ५,००० प्रती सरकारनें जप्त करून जाळल्या. कुटुंबीयांनीं जपलेल्या एका प्रतीवरून २०११ सालीं ती पुन्हां छापण्यांत आली.