तेल्यांची श्रेणी आणि आमच्या आळीतील घाणे

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. वाकाटकांची एक शाखा येथे नांदली. विंध्यशक्ती द्वितीय याचा ताम्रपट १९३९ साली येथेच उपलब्ध झाला. पुढे राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त या नगराचा गौरवाने उल्लेख केला. राजेरजवाड्यांचा हा इतिहास लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत व त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या राजांच्या महालांत आणि देवळांत सायंकाळी जे दिवे लागत असतील, त्यांत तेल कोणी घातले, ते तेल काढणाऱ्याने आपला संसार कसा चालविला आणि अडीअडचणीच्या वर्षी त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात ती अल्पशी करावी, असा हेतू आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘आपला पूर्वापार व्यवसाय’ या विषयावर लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा केवळ थोरवी गाऊन मोकळे व्हावे असा मोह झाला होता. पण पन्नास वर्षांपूर्वीची एक गोष्ट मनात सलत असल्याने तसे करवले नाही.

गावगाड्यात बारा बलुतेदार व अठरा अलुतेदार अशी मांडणी सर्वश्रुत आहे. तेली हा अलुतेदारांत मोडतो. सुतार-लोहारांस शेतकऱ्याच्या खळ्यावर हक्काचे बलुते मिळे. तेल्याचे तसे नव्हते. कुणबी तीळ, जवस, करडई घेऊन येई, तेली ती गाळून देई, आणि मेहनतीबद्दल पेंड अथवा तेलाचा ठराविक भाग ठेवून घेई. घरचे गळिताचे धान्य विकत घेऊन गाळले, तर ते तेल डोक्यावर घेऊन बाजार गाठावा लागे. म्हणजे गिऱ्हाईक जोडणे, उधारी वसूल करणे, माल स्वस्ताईत भरून ठेवणे ही सारी विद्या त्यास प्रारंभापासूनच लागे. माझ्या मते तेली हा गावातील कारागीर तर खराच, परंतु त्याहून अधिक तो लहानसा व्यापारी होता. त्याचे दुःखही व्यापाऱ्याचेच. धंदा बसला तर खळ्यावर हक्क सांगण्यास जागा नाही.

अशा माणसास आधार कोणाचा? याचे उत्तर नाशिकच्या लेण्यांत कोरलेले आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २,००० व १,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. पहिल्या रकमेवर दरमहा दरशेकडा एक, दुसरीवर पाऊण, असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज मात्र भिक्षूंच्या उपयोगी पडावयाचे. मी आयुष्यभर मुलांना सरळव्याजाची उदाहरणे घातली, त्यामुळे हा शिलालेख वाचताना हात आपोआप पाटीकडे गेला. २,००० चे वर्षाचे व्याज २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशोब तंतोतंत जुळतो. ही देणगी निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविली, असेही तेथे लिहिले आहे. राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या हाती देतो आणि तो चिरकाल सुरक्षित राहील असे मानतो, ही लहान गोष्ट नव्हे. तो विश्वास एकट्या विणकरावर नव्हता, त्याच्या श्रेणीवर होता.

त्याच लेण्यांत, पुढे सुमारे तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षीचा दुसरा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे रकमा ठेवल्या. त्या श्रेणींत कुंभार आहेत, जलयंत्रे करणारे आहेत आणि ‘तिलपिषक’, म्हणजे तीळ पिळणारे, हेही आहेत. आपल्या व्यवसायाचा महाराष्ट्रात दगडावर कोरलेला इतका जुना उल्लेख माझ्या वाचनात दुसरा नाही.

तथापि माझ्या मनात अधिक घर करून राहिलेला लेख उत्तरेकडचा आहे. उत्तर प्रदेशात बुलंदशहराकडे इंदूर या नावाचे एक खेडे आहे (माळव्यातील इंदूर नव्हे). तेथे सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा, इ.स. ४६५ चा ताम्रपट सापडला. एका ब्राह्मणाने सूर्यमंदिरातील दिव्यासाठी देणगी दिली ती इंद्रपूरच्या तेल्यांच्या श्रेणीकडे. जीवंत नावाचा गृहस्थ तिचा प्रमुख होता. श्रेणीने रोज दोन पळे तेल देवळास द्यावयाचे. आणि त्यापुढील अट पाहा: ही श्रेणी जोवर एकजुटीने राहील, मग ती हे स्थान सोडून अन्यत्र का जाईना, तोवर हा ठेवा तिचा. देणगी देणाऱ्याने गावावर भिस्त ठेवली नाही, घाण्यावरही ठेवली नाही, एकजुटीवर ठेवली. गाव सुटू शकते, हे त्या काळच्या माणसासही कळत होते.

धंदाही सुटू शकतो. मंदसोर येथील शिलालेखात लाट देशातून, म्हणजे गुजरातेतून, दशपुरास आलेल्या रेशीम विणकरांची हकीकत आहे. त्यांच्यापैकी कोणी धनुर्धर झाले, कोणी ज्योतिषी, कोणी कथाकार. काही विणकामच करीत राहिले. तरी त्यांनी श्रेणी म्हणून इ.स. ४३७ च्या सुमारास सूर्यमंदिर बांधले आणि ३६ वर्षांनी, ते मोडकळीस आल्यावर, श्रेणी म्हणूनच दुरुस्त केले. आपल्या समाजातही आज कोणी शिक्षक, कोणी वाहनचालक, कोणी किराणा दुकानदार, कोणी परदेशी अभियंता आहे. सबब हा दाखला आपल्यास परका वाटू नये.

एक खुलासा येथे करणे अवश्य आहे. श्रेणी म्हणजे जात नव्हे. एका धंद्याची माणसे एकत्र येऊन केलेली ती संस्था होती, आणि तिच्या सभासदत्वाचे नियम आजच्या जातीच्या नियमांशी जुळविता येत नाहीत. किंबहुना तेल काढणारे सगळे एका जातीचे कधीच नव्हते. आपल्या विदर्भात एकबैले व दोनबैले असे भेद होते, तर कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणजे बेने इस्रायल हे यहुदी होते, आणि सोमवारी बंद ठेवणारे ते ‘सोमवार तेली’. विसाव्याचा वार निराळा, घाणा तोच.

नवशिक्याविषयीही जुन्या शास्त्रकारांनी विचार केला होता. नारदस्मृतीत सांगितले आहे की शिल्प शिकू इच्छिणाऱ्याने मुदत ठरवून गुरूच्या घरी राहावे. गुरूने त्यास पुत्राप्रमाणे वागवून आपल्या घरी जेवू घालावे व शिकवावे. विद्या लवकर आली तरी शिष्याने मुदत पुरी करावी, आणि त्या काळातील कामाचे फळ गुरूचे. व्यवहार रोखठोक आहे, पण त्यात माया आहे. आपल्याकडे गुरू बहुधा बापच असे. तिळावर पाणी किती व केव्हा शिंपडावे, उखळातील पेंड केव्हा सैल करावी, हे माझे वडील लाटेच्या कुरकुरीवरून सांगत. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. आणि पुस्तकी विद्येशीही आपले वैर नव्हते. श्री संत संताजी जगनाडे महाराज हे चाकणचे तेली; त्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. ज्याच्या हाती घाणा त्याच्याच हाती लेखणी, असे उदाहरण आपल्या घरातच असताना आपल्या बहुतेक घाण्यांवर वही कधी आली नाही, याचे मला नवल वाटते.

घाणा का बसला, याची कारणे सर्वांस ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. १८६७ साली मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला. विलायती घासलेटाचे डबे आगगाडीने येऊन पुढे बैलगाड्यांनी खेडोपाडी गेले, आणि दिव्यात जळणारे करडईचे व जवसाचे तेल पहिल्याने गेले. १९३७ पासून ‘डालडा’ आला. यंत्राच्या गिरण्या आल्या. घाण्याच्या पेंडीत शेकडा १० ते १२ तेल शिल्लक राहते. यंत्रात त्याहून कमी, आणि रसायनाने तेल खेचून काढणाऱ्या कारखान्यात शेकडा एकच्या आसपास. हा फरक दराने भरून काढणे घाणेवाल्यास शक्यच नव्हते. पुढे आपल्या वऱ्हाडात सोयाबीन आले. त्याच्या दाण्यात तेल शेकडा १८ ते २० इतकेच, लाकडी घाण्याने ते निघता निघत नाही. तीळ, जवस, करडईची वावरे सोयाबीनखाली गेली. १९९८ साली वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. त्याच वर्षी, दिल्लीकडे भेसळीच्या मोहरीतेलाने माणसे दगावल्यावर, खाद्यतेल बांधीव स्वरूपातच विकावे असा केंद्र शासनाचा आदेश निघाला.

मात्र घाणा वाचविण्याचा प्रयत्न कोणी केलाच नाही असे नाही, आणि तो झाला आपल्याच विदर्भात. १९३४ साली महात्मा गांधींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला. त्याचे ठाणे वर्ध्यास मगनवाडीत होते. जागा जमनालाल बजाज यांनी दिली, व्यवस्था जे. सी. कुमारप्पा यांनी पाहिली. तेथे झवेरभाई पटेल यांनी गावोगावच्या घाण्यांचा अभ्यास करून सुधारलेला ‘मगनवाडी घाणा’ तयार केला आणि तो चालविण्याचे शिक्षण दिले जाई. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आला. सहकाराचे जाणते वैकुंठभाई मेहता त्याचे पहिले अध्यक्ष झाले. तेलघाणीवाल्यांनी सहकारी संस्था काढाव्यात, एकत्र माल घ्यावा, एकत्र विकावा, असे धोरण होते. वर्धा आपल्यापासून काही काशीइतके दूर नव्हते.

आमच्या आळीत त्या काळी तीन घाणे होते. तिन्ही घरे भाऊबंदांची. तिघांचे तीन बैल, तिघांची अडत्याकडे तीन खाती, आणि तिघांनाही फाल्गुनात करडई स्वस्त असताना पैसा नसे, म्हणून श्रावणात महाग घ्यावी लागे. संस्था काढण्याचे बोलणे आमच्या आळीत कधी निघाल्याचे मला आठवत नाही. मी तेव्हा लहान होतो हे खरे. पण पुढे वडिलांस विचारले असता तेही म्हणाले की निघाले नव्हते. मग १९७२ चा दुष्काळ आला. कडबा मिळेना. एका मोसमात तिन्ही बैल विकले गेले व तिन्ही घाणे थांबले, ते कायमचेच. तिघांत मिळून एक बैल राखला असता व पाळीपाळीने तो तिन्ही घाण्यांस जुंपला असता, तर एका बैलापुरता कडबा कदाचित जुळला असता. पण त्यांपैकी दोन घरांत एका लग्नातील मानपानावरून बोलणे बंद होते. त्या मानपानावर मात्र पंचमंडळींची बैठक रीतसर बसली होती, ५१ रुपये दंड झाला होता, आणि त्या दंडाचे जेवण आम्ही सर्व मुलांनी आवडीने जेवले होते. उषवदाताच्या काळी श्रेणी ठेवीचे व्याज देई. आमच्या पंचांनी दंडाची मुद्दलच पंगतीत वाढली.

त्यानंतर वडिलांनी मला घाण्याचे नावही काढू दिले नाही. “घाण्यापाशी बैल होता, मी होतो, तेवढं पुरे झालं. तू शाळा शीक,” असे ते म्हणत. मी शिकलो, मॅट्रिक झालो, मास्तर झालो, आणि लाटेची कुरकुर ओळखण्याची विद्या त्यांच्याबरोबर गेली. हे मी अभिमानाने सांगत नाही.

आता काळ फिरला आहे. लाकडी घाण्याच्या तेलास शहरांतून पुन्हा मागणी आली आहे, आणि विजेच्या मोटारीवर चालणारे लाकडी घाणे बाजारात मिळतात. माझ्या पुतण्याने वाशिमास तसा एक घाणा टाकला. २०१५ साली निघालेल्या मुद्रा योजनेतून त्याने कर्ज घेतले, अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी केली, बाटल्यांवर चिठ्ठ्या छापल्या. घाणा चालविण्यास तो यंत्र विकणाऱ्याकडे चार दिवसांत शिकला. नारदाने मुदत ठरवून गुरूच्या घरी राहावयास सांगितले. येथे चार दिवस! पहिल्याच वर्षी त्याची पेंड जळू लागली, तेलास वास येऊ लागला, आणि आजोबांप्रमाणेच त्यानेही करडई श्रावणात महाग घेतली. दीड वर्षाने त्याने दुकानास कुलूप लावले. घरच्यांनी त्यास दोष दिला. मला तो देता आला नाही. घरात जे शिकवावयाचे ते शिकविणारा दुवा मीच तोडला होता.

गेल्या दोन वर्षांत आपल्या मंडळाचे जे मेळावे झाले त्यांत गुणवंतांचे सत्कार झाले, वधू-वरांची ओळख झाली. ही कार्येही उपयुक्त आहेत, त्यांस माझा विरोध नाही. परंतु मंचावरील शालींवर जो खर्च झाला त्याचा आकडा मी कार्यकारिणीकडून मागून घेतला आहे, आणि तेवढ्या रकमेत फाल्गुनात किती क्विंटल करडई भरता आली असती हे त्याखाली मांडून अध्यक्षांकडे दिले आहे. त्यांनी रागावता ते ठेवून घेतले नाही असे नाही. थोडे रागावले, पण ठेवून घेतले.

पुतण्याचे कुलूप मात्र निघाले आहे. रिसोड व मालेगाव येथील दोन घाणेवाल्यांशी त्याचा परिचय अशाच एका मेळाव्यात, जेवणाच्या रांगेत झाला. त्यांपैकी एक वयस्क गृहस्थ लहानपणी बैलघाण्यावर बसलेले आहेत. आठवड्यातून एक दिवस पुतण्या त्यांच्याकडे जाऊन बसतो. या फाल्गुनात तिघांनी मिळून करडई घेतली. पैसा समान नव्हता, म्हणून ज्याचा जितका त्याचा तितका माल, अशी वही घातली आहे. त्या वहीचा हिशोब दर महिन्याच्या अखेरीस मी तपासतो. गेल्या महिन्यात साडेतीन रुपयांची चूक निघाली. ती अद्याप सापडलेली नाही.